लिफ्ट केलेली पिकअप हाडं खिळखिळी करते? नॉबला हात लावायच्या आधी हे बघा

दोन इंचाचं लिफ्ट, म्हणजे गाडी तेवढी उंच करणं, नॉब फिरवून कडक-मऊ करता येणारे ॲडजस्टेबल शॉकअप, मोठे एटी (पक्क्या-कच्च्या दोन्ही रस्त्यांचे) टायर, लाखाच्या वर खर्च, आणि मग घरचे म्हणतात यापेक्षा आधीचीच बरी होती. असा फोन मला वर्षभर कोणाचा ना कोणाचा येत असतो. व्ही-क्रॉस असो, हायलक्स असो, जुनी किंवा नवी थार असो, तक्रार तीच की दणका डायरेक्ट मणक्यात बसतो आणि प्रश्नही तोच, "दादा, शॉकअप खराब निघाले का?" बहुतेक वेळा शॉकअपचा काही दोष नसतो. पण ते कळायला आधी दणका नेमका कुठला आहे ते ओळखायला लागतं, कारण वेगवेगळ्या कारणांचे दणके सीटवर बसल्यावर जवळपास सारखेच वाटतात आणि एकाचा इलाज दुसऱ्याला मारक असतो.

लक्षणं

सगळ्यात कॉमन म्हणजे बारीकसारीक गोष्टींवर टकटक. काँक्रीट रस्त्याचे जोड, सोसायटीतले पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजचं जरा वर आलेलं झाकण, यावरून हळू गेलं तरी सगळं स्टिअरिंगमध्ये आणि सीटमध्ये येतं, पण मोठ्या खड्ड्यात गाडी त्यामानाने बरी वागते. इथे संशय आधी टायरच्या हवेवर, मग स्प्रिंगच्या रेटिंगवर (ती किती वजनासाठी बनवलीय), मग बुशवर (सांध्यांमधले रबरी तुकडे), आणि शॉकअप सगळ्यात शेवटी.

दुसरं, रम्बलरच्या पट्ट्या. पहिल्या एक-दोन ठीक जातात आणि मग गाडी कडक होत होत जाते, शेवटच्या पट्ट्यांना तर खाली सस्पेन्शन आहे की नाही अशी शंका येते. हे रिबाउंड, म्हणजे दबलेल्या चाकाला परत खाली येताना होणारा विरोध, जास्त असल्याचं लक्षण. दबलेलं चाक परत खाली यायच्या आत पुढची पट्टी येते, दर पट्टीला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी दबायला जागाच उरत नाही.

तिसरं, स्पीडब्रेकर चढताना काही नाही पण उतरताना पुढून ठण्णकन आवाज. चाक खाली लटकतं तेव्हा शॉकअप पूर्ण उघडून त्याच्या शेवटाला आपटतो, याला टॉप आउट म्हणतात.

चौथं याच्या बरोबर उलट. एरवी गाडी मऊ, पण मोठा खड्डा किंवा आपल्याकडचे ते घरगुती उंच स्पीडब्रेकर आले की एकच जबरदस्त थाड. सस्पेन्शन पूर्ण दबून बम्प स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या अडथळ्याच्या रबरावर, आपटतंय. इथे नॉब अजून मऊ केला तर अजून वाईट होणार, आणि लोक नेमकं तेच करतात.

आणखी दोन. रिकामी असताना मागून उडते आणि चार माणसं, सामान टाकलं की एकदम मस्त चालते, म्हणजे स्प्रिंग वजनाच्या मानाने जड आहे नाहीतर मागे हवा जास्त आहे. आणि दोन्ही चाकं एकदम आदळली तर ठीक पण एकच चाक खड्ड्यात गेलं की अख्खी गाडी आडवी हिसका मारते, तर स्टॅबिलायझर बार (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं झुकणं आवरणारा दांडा) बघायचा.

काहीही खोलायच्या आधी एक रस्ता ठरवा. माझा ठरलेला तुकडा येवलेवाडीकडून बोपदेव घाट चढून सासवडच्या बाजूला उतरायचं हा आहे, तुम्ही तुमच्या घराजवळचा कुठलाही घ्या, फक्त त्यात थोडे जोड, एक-दोन स्पीडब्रेकर, जमलं तर रम्बलर आणि एक वळण पाहिजे. दर वेळी तोच रस्ता, तोच स्पीड, गाडीत तेवढंच वजन, आणि एका वेळी एकच बदल. हवा पण कमी केली, नॉब पण फिरवला आणि ग्रीस पण मारलं, मग गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही आणि महिन्याने परत बिघडली की परत पहिल्यापासून. मोबाइलमध्ये नोट करून ठेवा.

आणि चारही चाकांची उंची मोजून लिहा. हबच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, सरळ उभं. जमिनीपासून मोजू नका, टायर आणि हवा बदलली की तो आकडा बदलतो. ही मापं पुढे लागणार आहेत.

हवा, अगदी फुकट

हसू नका, पण निम्मे प्रॉब्लेम इथेच संपतात असं मी छातीठोक सांगेन. गाडी लिफ्ट केली की सोबत एलटी (लाइट ट्रक) रेटिंगचे टायर येतात, त्यांची साइडवॉल आधीच जाड आणि ताठ असते, त्यात टायरवाला "मोठे टायर आहेत साहेब, चाळीस ठेवा" म्हणून ४०-४२ पीएसआय भरतो. रिकामी पिकअप, मागे पाट्यांचं सस्पेन्शन, आणि टायर फुगलेला. मग तुम्ही शॉकअपला कितीही नावं ठेवा. रस्त्याचा पहिला धक्का टायर पचवतो, तोच दगड झाला तर पुढचं सगळं शॉकअपच्या डोक्यावर.

हवा सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी बघायची, थंड टायरवर. चालवून गरम झालेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय सहज जास्त दाखवतो आणि तेव्हा कमी करून ठेवली की दुसऱ्या दिवशी ती खरंच कमी असते. स्वतःचा काटा घ्या, काहीशे रुपयांत मिळतो, कारण दोन पंपांवरची मशीन एकच आकडा दाखवतील याची खात्री कोणी देऊ नये. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, पिकअपला बऱ्याचदा रिकामी आणि भरलेली असे दोन वेगळे आकडे दिलेले असतात, ते नीट वाचा. टायरच्या साइडवॉलवर छापलेला मोठा आकडा म्हणजे कमाल मर्यादा, तेवढी भरायची नसते.

उलट बाजूही सांगतो. तेवढंच वजन पेलायला एलटी टायरला साध्या टायरपेक्षा थोडी जास्त हवा लागते, त्यामुळे स्टिकरच्या खाली जाऊन "अजून मऊ" करत बसू नका, हायवेला टायर तापतो आणि कडा खातो. खडूचा जुना उपाय चांगला आहे: ट्रेडवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी खडूची जाड रेघ मारा, सपाट रस्त्यावर सरळ थोडं अंतर चालवा आणि बघा. फक्त मधला भाग पुसला गेला तर हवा जास्त, फक्त कडा पुसल्या तर कमी, सगळीकडे सारखी पुसली गेली की बरोबर. एका वेळी दोन पीएसआयने खाली या आणि दर वेळी ठरलेल्या रस्त्यावरून फिरून या.

टायर एमटी (चिखलाचा) असेल, किंवा रिम मोठी करून साइडवॉल बारीक केली असेल, तर काही प्रमाणात कडकपणा राहणारच आणि तो कुठल्याही नॉबने जाणार नाही. चाक जितकं जड तितकं ते आवरायला शॉकअपला जड जातं.

वजन टाकून बघा

ही चाचणी कोणी करत नाही आणि मला ही सगळ्यात जास्त आवडते. लिफ्ट किट घेताना दुकानदार विचारतो मीडियम स्प्रिंग की हेवी, आणि आपण म्हणतो हेवीच द्या, हेवी म्हणजे भारी. पण हेवी स्प्रिंग ही गाडीवर कायम लोखंडी बंपर, विंच, मागे कॅनोपी, असं काहीशे किलो वजन असणार हे धरून बनवलेली असते. तुमच्या गाडीवर विंच येणार होता पण बजेट संपलं, मग ती स्प्रिंग रिकाम्या गाडीखाली दबतच नाही.

सिमेंटच्या किंवा वाळूच्या दोन-तीन गोण्या घ्या, सिमेंटची गोणी ५० किलोची असते त्यामुळे हिशोब सोपा. मागे हौद्यात, ॲक्सलच्या बरोबर वर ठेवा, हलणार नाहीत अशा बांधा, आणि ठरलेल्या रस्त्यावरून फिरून या. शे-दीडशे किलोने गाडी एकदम सुधारली तर उत्तर मिळालं: शॉकअप निर्दोष, स्प्रिंग किंवा पाटे तुमच्या वापराला जड. इथे नॉबशी खेळून थोडाफार फरक पडेल पण मूळ दुखणं जाणार नाही, हलक्या रेटिंगची स्प्रिंग किंवा पाट्यांच्या पॅकमधला एखादा पाटा कमी करणं हाच इलाज. पाटा काढायचं काम स्वतः करू नका, त्याबद्दल पुढे.

आता नॉब

आता फिरवा, पण पद्धत आहे. आधी शॉकअप धुवा. आपल्याकडे पावसाळ्यात मुळशी, ताम्हिणीला एक चक्कर झाली की लाल चिखल नॉबच्या फटीत जाऊन बसतो आणि सुकला की नॉब अडकतो, मग लोक पकड लावून पिळतात आणि आतली खाच तुटते. पाणी, मऊ ब्रश, थोडं थांबा, हाताने फिरवा. शेवटाला पोचला की जोर लावायचा नाही.

मग नॉब क्लिक मोजत कडक बाजूला पूर्ण न्या, म्हणजे सध्या कुठे होता ते कळतं, आणि तो आकडा लिहून ठेवा. आपण नेहमी पूर्ण कडक टोकापासून मोजतो, म्हणजे सगळ्यांचा शून्य एकच राहतो. काही शॉकअपवर आकडेच असतात, रँचोच्या आरएस ९००० एक्सएलला नऊ पोझिशन आहेत, १ मऊ ते ९ कडक, तिथे मोजायची भानगड नाही. डावी-उजवी बाजू कायम सारखी. पुढचे आणि मागचे वेगळे चालतील. फिटिंगच्या वेळी डावीकडे पाच आणि उजवीकडे आठ अशी सेटिंग ठेवून दिलेल्या गाड्याही बघितल्यात, आणि मालक बिचारा अलाइनमेंट करत फिरत होता.

पहिली चक्कर पूर्ण मऊवर, दुसरी पूर्ण कडकवर. सेटिंग शोधायला नाही, नॉब काम करतोय की नाही हे कळायला. दोन टोकांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक वाटायला पाहिजे. काहीच फरक वाटला नाही तर एक तर शॉकअप आतून गेलाय किंवा दणका शॉकअपमधून येतच नाहीये, दोन्ही बाबतीत पुढे नॉब फिरवण्यात अर्थ नाही. पूर्ण मऊवर मात्र हायवेला जाऊ नका, उंच गाडी आहे, वळणावर आणि जोरात ब्रेक मारताना फार डोलते. ही चाचणी कॉलनीतल्या रस्त्यावर, तीस-चाळीसच्या आत.

नॉब काम करतोय असं दिसलं की मधोमध आणा आणि तिथून एकेक क्लिक. एकच नॉब असेल तर तो काही शॉकअपमध्ये मुख्यतः रिबाउंड बदलतो, काहींमध्ये दोन्ही, कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं. दोन वेगळे नॉब असतील तर कॉम्प्रेशन म्हणजे चाक वर जाताना किती विरोध, रिबाउंड म्हणजे परत खाली येताना किती. टोकदार खड्ड्यात एकच तीव्र दणका बसतो, कॉम्प्रेशन कमी करा. रम्बलरवर कडक होत जाते, रिबाउंड कमी करा. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन गप्प बसायला पाहिजे, दोन-तीन वेळा खालीवर होत राहिली तर रिबाउंड फार कमी केलंय, परत वाढवा.

महागड्या शॉकअपवर लो स्पीड आणि हाय स्पीड असे दोन कॉम्प्रेशन नॉब असतात आणि इथे हमखास गोंधळ होतो. स्पीड म्हणजे गाडीचा स्पीड नाही, शॉकअपचा दांडा किती वेगात आत जातो तो. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं, वळणावर झुकणं, हे लो स्पीड. खड्ड्याची धारदार कड लागणं, मग गाडी वीसच्या स्पीडला का असेना, हे हाय स्पीड. त्यामुळे "मी तर सिटीत हळूच चालवतो" म्हणून लो स्पीडवाला नॉब मऊ करून खड्ड्यांचा त्रास फारसा कमी होत नाही, उलट गाडी नुसती डोलायला लागते.

वर-खाली किती जागा उरलीय

इथून पुढे जॅक लागेल. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून गुटके, आणि सपाट जमीन. याला अपवाद नाही.

खालची बाजू, म्हणजे सस्पेन्शन दबायला किती जागा आहे, ती आधी तपासू. शॉकअपचा चकचकीत दांडा दिसत असेल तर त्याला एक प्लॅस्टिकचा झिप टाय घट्ट बांधा, शॉकअपच्याच बॉडीला टेकेल असा सरकवा, आणि फिरून या. शॉकअप जितका दबला तितका टाय सरकलेला राहतो. तो पार टोकाला गेलेला असेल तर तुम्ही तळाला आपटताय. दांडा झाकलेला असेल तर बम्प स्टॉपच्या रबरावर जाड ग्रीसचा थर लावा, समोरच्या लोखंडावर ग्रीस उमटलं की टेकलं. कधीतरी मोठ्या खड्ड्यात टेकणं ठीक आहे, त्यासाठीच तो असतो, पण रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर टेकत असेल तर कॉम्प्रेशन वाढवा, मऊ नाही. एवढं करूनही टेकत असेल तर स्प्रिंग दमलीय किंवा गाडीवर वजन जास्त आहे.

आता वरची बाजू, म्हणजे शॉकअप उघडून चाक लटकायला किती जागा आहे, आणि लिफ्ट केलेल्या गाडीत खरा घोळ इथे असतो. पुढचा भाग चॅसीला जॅक लावून दोन्ही बाजूंनी एकदम उचला आणि घोड्यांवर ठेवा, एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार चाक पूर्ण लटकू देत नाही आणि माप चुकतं. चाकं लटकली की हब ते मडगार्ड परत मोजा आणि आधी लिहिलेलं माप वजा करा. म्हणजे चाकाला खाली जायला किती जागा आहे ते कळलं. एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाकाच्या पूर्ण वर-खाली हालचालीच्या, साधारण एक तृतीयांश तरी जागा इथे हवी. जेमतेम एक इंच निघाला तर प्रत्येक खड्ड्यात चाक खाली जायच्या ऐवजी शॉकअप टोकाला आपटणार आणि वर गाडी आदळणार.

हे होतं कशामुळे? कॉइलओव्हर (शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेली) असेल तर स्प्रिंगखालची आट्यांची कॉलर फार आवळून उंची काढलेली असते. कॉलर आवळल्याने स्प्रिंग कडक होते असा सगळ्यांचा समज आहे. साध्या एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि व्यास यावर ठरतो, कॉलरवर नाही. कॉलर फक्त गाडी वर ढकलते, आणि जितकी वर ढकलाल तितकी खालची जागा खाल्ली जाते. जुन्या थारला, म्हणजे २०२० च्या आधीच्या सीआरडीईला, पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आहे, तिथे तर किटही न घेता नुसता बोल्ट आवळून गाडी उंच करून देतात, अगदी स्वस्तात. उंची मिळते, फोटो छान येतो, आणि राइडची वाट लागते, नेमकं याच कारणाने.

इलाज म्हणजे उंची थोडी खाली आणा. अर्धा-पाऊण इंच कमी केला तरी गाडी वेगळीच वाटते, आणि बघणाऱ्याला तेवढा फरक कळतही नाही. टॉर्शन बारचा बोल्ट चाकावर वजन नसताना फिरवायचा, दोन्ही बाजूंना सारखे आटे, मग थोडं चालवून परत मोजायचं. कॉइलओव्हरची कॉलर फिरवताना आधी आटे ब्रशने साफ, चाक लटकतं, आणि कंपनीने सांगितलेल्या मर्यादेच्या खाली नाही. ती सी पान्याने आरामात फिरली तर ठीक, अडकली तर हातोडी छिन्नी घेऊ नका, गॅरेजला द्या.

बुश, हवेत आवळलेले

हे माझं लाडकं निदान आहे कारण कोणाला सुचत नाही. रबरी बुश हा बेअरिंगसारखा गरगर फिरत नाही. आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली, बाहेरची आर्ममध्ये बसवलेली, मधलं रबर पिळवटतं आणि सोडलं की परत येतं. म्हणून बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीवर आवळायचा असतो. पण गॅरेजात गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, फिटर खालून सगळं टाईट करून मोकळा होतो. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं, आणि ते वेगळी स्प्रिंग असल्यासारखं गाडी वर ढकलत राहतं. गाडी ठरलेल्यापेक्षा थोडी उंच उभी राहते, कडक वाटते, आणि रबर लवकर फाटतं. किट बसवल्या दिवसापासून गाडी कडक असेल, नंतर झाली नसेल, तर आधी हेच धरून चाला.

मागच्या पाट्यांना हे घरी तपासता येतं. गाडी चाकांवर, गुटके लावलेले, हँडब्रेक. शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक चॅसीला जोडणारी हलती कडी) आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्याचे नट फक्त सैल करायचे, काढायचे नाहीत, बोल्ट बाहेर येता कामा नये. बुश पिळलेला असेल तर नट सुटता सुटता "टक्" आवाज येतो आणि मागचा भाग डोळ्यांदेखत थोडा खाली बसतो. मग हौद्यावर दोन-चार वेळा वजन देऊन हलवा, बसू द्या, आणि वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने टॉर्क रेंचनेच आवळा. शॅकल जास्त आवळली तरी पाटा मोकळा हलत नाही, त्यामुळे "अजून थोडं घट्ट" हा मोह टाळा.

पुढच्या लोअर आर्मला हेच लागू आहे पण तिथे बऱ्याच गाड्यांना अलाइनमेंटचे कॅम बोल्ट असतात, सैल केले की कॅम्बर-कॅस्टर, म्हणजे चाकांचे कोन, सगळं हलतं. ते काम अलाइनमेंट मशीन असलेल्या ठिकाणीच करून घ्या आणि तिथे उभं राहून सांगा की फायनल टाईट गाडी चाकांवर असताना करायचं. मान हलवतील, पण करतात की नाही ते बघा.

रबरी बुशला ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगतं. किटसोबत पॉलीयुरेथेनचे आले असतील तर त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं, ते मुळातच रबरापेक्षा कडक, आणि कोरडे पडले की कुरकुरतात आणि अडकतात. शॅकलला निप्पल असेल तर ग्रीस गन मारा. साधे बुश, यू बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे), पाट्यांमधल्या पट्ट्या हे सगळं नाना पेठेत शोधलं तर मिळतं, फक्त जुना नमुना सोबत न्या.

पाटे गंजले की एकमेकांवर सरकत नाहीत, सगळा पॅक एक लोखंडी फळी झाल्यासारखा वागतो. टोकांना सरकण्यासाठी प्लॅस्टिकच्या किंवा रबरी पट्ट्या असतात, त्या झिजल्या किंवा पडल्या का बघा, तारेच्या ब्रशने माती आणि गंज काढा. काळं ऑइल ओतायची जुनी पद्धत आहे, दोन दिवस बरं वाटतं, मग त्याला धूळ चिकटून तीच पेस्ट पाटे घासत बसते. ड्राय लुब्रिकंटचा स्प्रे मारा. आणि लिफ्ट झाल्यानंतर पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये यू बोल्ट परत टॉर्क करायचे असतात, ते राहिलं असेल तर आजच करा, सैल यू बोल्टने मधला बोल्ट तुटतो आणि ॲक्सल जागेवरून सरकतो.

स्टॅबिलायझरची लिंक बघायला टॉर्च घेऊन वाका. लिफ्ट केल्यावर लिंक तिरकी होऊन ताणली गेली असेल, किंवा बार कशाला तरी घासत असेल, तर लांब लिंक लागते. महागडं काम नाही.

इथे थांबा

यापुढे हाताने करायचं काही नाही. कॉइल स्प्रिंग दाबून काढणं, कॉइलओव्हर उलगडणं, टॉप माउंट बदलणं, पाट्यांचा पॅक सोडवणं, ही सगळी दाबलेल्या लोखंडाची कामं आहेत, भाड्याने आणलेल्या स्वस्त कॉम्प्रेसरने पार्किंगमध्ये करायची नाहीत. ट्रकचे पाटे करणारे कारागीर हायवेला भेटतात, पाट्यांचं काम त्यांना जास्त कळतं. रिझर्व्हॉयर असलेल्या शॉकअपमध्ये नायट्रोजन असतो, कितीतरी शॉकअपमध्ये २०० पीएसआयच्या आसपास, त्याचा व्हॉल्व्ह "बघू जरा" म्हणून दाबू नका आणि पंक्चरवाल्याकडून त्यात हवा तर मुळीच भरू नका. रीव्हॅल्व्हिंग (आतली व्हॉल्व्हची रचना बदलणं) आणि गॅस चार्ज हे त्याचंच काम करणाऱ्या माणसाकडे.

आणि या गोष्टी दिसल्या तर गाडी चालवत न्यायचाही विचार करा, टो करणं बरं: शॉकअप ऑइलने भिजलेला आहे आणि गाडी लाटेसारखी उसळते, पाट्याला तडा, शॉकअपच्या किंवा शॅकलच्या ब्रॅकेटच्या वेल्डला भेग, चाक हाताने हलवल्यावर बॉल जॉइंटमध्ये खुळखुळ, किंवा चाक लटकल्यावर ब्रेकचा होज ताणून सरळ झालेला. शेवटचं फार लोक बघत नाहीत, घोड्यांवर गाडी असतानाच बघून घ्या. अप्पर आर्म स्प्रिंगला घासल्याची चमकदार खूण असेल तर लिफ्टच्या उंचीला साजेसा आर्म लागेल, तो निवडणं आणि बसवणं किटवाल्याचं काम.

गॅरेजला जाताना "राइड हार्ड आहे" एवढं सांगू नका, त्यावर उत्तर "नवीन शॉकअप टाका" हेच येतं. थंड हवेचा आकडा, चारही कोपऱ्यांची उंची, चाक लटकल्यावरची मापं, क्लिक, गोण्या टाकल्यावर काय झालं, आणि दणका चढताना की उतरताना, हे सगळं मोबाइलवरून वाचून दाखवा. किटची पावती आणि स्प्रिंगवरचा पार्ट नंबर पण ठेवा, हेवी लागलीय की मीडियम यावरून वाद मिटतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, गाडीत आरसीपेक्षा वेगळे बदल केले तर आरटीओ आणि इन्शुरन्स दोन्हीकडे प्रश्न येऊ शकतो, त्यामुळे अजून उंच करून बघू हा उपाय म्हणून कोणी सुचवला तर तिथून निघा.

उंची बदलली, मग ती वर असो की खाली, की अलाइनमेंट करून घ्या, आणि त्याच फेरीत हेडलाइटचा झोत पण खाली सेट करा. कात्रजच्या बोगद्यात समोरच्याला आंधळं करत फिरणाऱ्या उंच गाड्या आधीच पुष्कळ आहेत.